गरम पाणी आणि विजेचं बिल: वाचकांचे प्रश्न

थंडी पडायला लागली की या सदरात गरम पाण्याचे प्रश्न सुरू होतात. गिझर बदलू का, सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा हीटर, बसवू का, हीट पंप म्हणून हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं काय नवीन आलंय ते घेऊ का. यावेळी इतके आले की सगळा अंकच त्यांना दिलाय. एक विनंती आधीच करते, उत्तर वाचायच्या आधी आपल्या घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं ते मोजा. एक आठवडा मोजलं तरी पुरे. हा आकडा हातात नसेल तर दुकानदार जे सांगेल ते खरं मानावं लागतं.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही ठाण्यात टू बीएचकेमध्ये राहतो, घरात चार माणसं. १५ लिटरचा गिझर बराच जुना झालाय पण चालतोय. दुकानदार म्हणतो फाइव्ह स्टार घ्या, बिल निम्मं होईल. खरंच होतं का? की इन्स्टंट गिझर बरा पडेल?

निम्मं होणार नाही. आणि हे मी ठामपणे सांगते कारण हिशोब अगदी साधा आहे. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या १ युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. थंडीत नळाचं पाणी समजा २० अंश आहे आणि अंघोळीला ४२ अंश पाहिजे, तर २० लिटरच्या बादलीला २० गुणिले २२ म्हणजे ४४० किलोकॅलरी, म्हणजे साधारण अर्धं युनिट. गिझर वन स्टार असो, फाइव्ह स्टार असो, साधी रॉड असो, कॉइलने पाणी तापवायचं म्हटलं की हे अर्धं युनिट लागणारच, त्यात कुठलीच कंपनी काही कमी करू शकत नाही.

मग स्टार कशाचे असतात? तर पाणी तापल्यावर टाकीतून जी उष्णता हळूहळू बाहेर निघून जाते त्याचे. बीईई, म्हणजे स्टार देणारी सरकारी संस्था, तिच्या लेबलवर २४ तासांत किती युनिट अशी वाया जातात तो आकडा छापलेला असतो, तो बघा. पाच स्टारवाल्याचं आतलं इन्सुलेशन चांगलं म्हणून तो आकडा कमी. आता तुमच्या घरी जर सकाळी अर्धा तास गिझर लावून, अंघोळी उरकून बंद करत असाल तर पाण्याला टाकीत बसून थंड व्हायला वेळच मिळत नाही, मग स्टारचा फायदा अगदी थोडा. ज्यांच्याकडे कोणी सकाळी सहाला जातं, कोणी दहाला उठतं, रात्री परत अंघोळी आणि बटण दिवसभर चालूच, त्यांनी मात्र जरूर फाइव्ह स्टार घ्यावा, तिथे तो पैसे परत देतो. तुमचा जुना गिझर गळत नसेल, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, नीट कट होत असेल, तर अजून चालवा. तो मरेल तेव्हा फाइव्ह स्टार घ्या.

इन्स्टंटबद्दल. त्यात पाणी साठून राहत नाही म्हणून वाया जाणारी उष्णता कमी, हे बरोबर. पण ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २० अंशांची वाढ देत मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी देतो, म्हणजे बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. किचनच्या सिंकला मस्त, बादलीवाल्या एकट्या माणसाला चालतो, पण शॉवरखाली उभं राहिलात तर वैताग येईल. आणि शॉवरचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते, साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी सोडतो. दहा मिनिटांचा शॉवर म्हणजे चार-पाच बादल्या, म्हणजे दोन-अडीच युनिट, एका माणसाच्या एका अंघोळीला! तुमच्या बिलातला खरा मोठा फरक इथे आहे. घरातल्या दोघांनी शॉवरवरून बादलीवर यायचं ठरवलं किंवा नुसतं कमी पाण्याचं शॉवरहेड बसवलं तरी नवीन गिझरपेक्षा जास्त वाचेल.

अजून एक, महावितरणचं बिल स्लॅबने चढतं. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० चा दर जवळजवळ दुप्पट, पुढे ३०० च्या आणि ५०० च्या वर अजून जास्त. गिझरची युनिट ही बाकी सगळ्या वापराच्या वर येऊन बसतात, म्हणजे ती तुमच्या सगळ्यात महागड्या स्लॅबने मोजली जातात. रोज पाच बादल्या धरल्या तर महिन्याला ७५ युनिट. बिल हातात घेऊन ही ७५ युनिट कुठल्या स्लॅबमध्ये पडतात ते बघा, मग कशावर किती खर्च करायचा ते आपोआप कळेल.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात कोथरूडला एका सात मजली सोसायटीचा सेक्रेटरी आहे, ४० फ्लॅट आहेत. बिल्डरने गच्चीवर सोलर दिलेलं आहे पण ते बरीच वर्षं बंद आहे. पहिल्या-दुसऱ्या मजल्याला कधीच गरम पाणी मिळालं नाही, म्हणून लोक म्हणतात काढून भंगारात द्या. काही सदस्यांना हीट पंप हवाय. काय करावं?

काढू नका! निदान तपासल्याशिवाय तरी नाही. पुण्यात अशा बंद पडलेल्या सोलर सिस्टीम गच्चीगच्चीवर दिसतात आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण वर्षातले आठेक महिने कडक ऊन असणारं हे शहर आहे आणि बराच महागडा भाग, म्हणजे टाक्या, स्टँड, पाइपलाइन, हे तुमच्याकडे आधीच आहे.

खालच्या मजल्यांना गरम पाणी का मिळत नाही ते आधी समजून घ्या, कारण हीट पंप लावलात तरी तो प्रॉब्लेम तसाच राहणार आहे. गरम पाणी गच्चीवर आहे, रात्रभर पाइपमधलं पाणी थंड झालेलं असतं, आणि पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. खालच्या मजल्यापर्यंत २०-२५ मीटर पाइप, वर फ्लॅटमधला वेगळा, म्हणजे सकाळी नळ सोडला की आधी पाच-सहा लिटर किंवा त्याहून जास्त थंड पाणी येतं, मुख्य पाइप जाड असेल तर त्याच्या कितीतरी पट. लोक थोडा वेळ वाट बघतात आणि गिझर लावतात, मग खालच्या लाइनमधलं पाणी कोणी ओढतच नाही, मग ते गरम होतच नाही. यावर उपाय आहे, त्याला रिंग मेन म्हणतात. गरम पाण्याची लाइन खालपर्यंत जाऊन परत वर टाकीला जोडायची आणि एक छोटा सर्क्युलेशन पंप टायमरवर लावायचा, पहाटे पाच-साडेपाचला तो पाणी फिरवून लाइन गरम करून ठेवतो. सोबत पाइपला इन्सुलेशन पाहिजे, आणि गच्चीवरचं इन्सुलेशन उन्हाने फाटून गेलेलं असतं ते बदलून वरून पत्र्याचं किंवा यूव्हीला टिकणारं कव्हर. माझ्या बघण्यात तरी सोलर बंद पडलेल्या सोसायट्यांमध्ये कलेक्टरपेक्षा, म्हणजे ऊन घेऊन पाणी तापवणाऱ्या भागापेक्षा, हा पाइपचा भागच जास्त वेळा चुकलेला असतो.

आता कलेक्टर. काचेच्या नळ्या आहेत का, म्हणजे ज्याला ईटीसी म्हणतात ते, की काळ्या पॅनलसारखे चपटे एफपीसी? नळ्या असतील तर तपासणी सोपी, त्या दुहेरी काचेच्या असतात आणि मधे पोकळी असते. नळीच्या खालच्या टोकाला आतून चंदेरी मुलामा असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती नळी गेली. तेवढीच बदलायची, अख्खी सिस्टीम नाही. टाकीच्या जोडावरचे रबर रिंग कडक होऊन गळतात, तेही बदलतात. चपटे असतील तर आतले तांब्याचे पाइप क्षाराने भरलेत का ते बघायचं, भरले असतील तर ॲसिड वॉशने साफ होतात, फारच बंद झाले असतील तरच बदलायचे. टाकी आतून सडली असेल तर मात्र खर्च आहे.

किती क्षमता लागेल तेही काढून ठेवा. सोलरचं पाणी ६० अंश धरलं तर २० लिटरच्या बादलीत ते फक्त ११ लिटर घालायचं, बाकी थंड. पाच बादल्यांच्या घराला ५५-६० लिटर. ४० फ्लॅटना अडीच हजार लिटर रोजचं पुरतं. १०० लिटरला साधारण २ चौरस मीटर कलेक्टर लागतो म्हणजे तुम्हाला ५० चौरस मीटर, एवढं बिल्डरने बसवलंय का ते मोजा. कमी बसवलेलं असतं बऱ्याचदा.

पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते, पण ते चालू स्थितीत पाहिजे. हा मुद्दा जनरल बॉडीत मांडा, सदस्य ऐकतात. हीट पंप नंतर जोडा, पावसाळ्यातला बॅकअप म्हणून, सोलरच्याच टाकीला. आधी लाइन दुरुस्त, मग नळ्या, मग वार्षिक देखभालीचा करार ज्यात वर्षातून दोनदा काचा धुणं लिहिलेलं असेल, आणि कमिटीतल्या एका माणसाकडे ही जबाबदारी नावानिशी द्या.

प्रश्न: आमचं घर रत्नागिरीजवळ, मुलगा मडगावला. दोघांनाही सोलर वॉटर हीटर घ्यायचाय. कोकणात चालेल ना?

चालेल, पण मी घ्या म्हणणार नाही. तुमच्याकडे गरम पाण्याची खरी गरज जून ते सप्टेंबर, अंग ओलं, कपडे ओले, आणि नेमके तेच चार महिने ऊन नाही. ढगाळ हवेत सोलर थोडंफार कोमट पाणी देतं पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, मग बॅकअपची कॉइल लागते. आणि इथेच लोकांचं नुकसान होतं. २०० लिटरच्या सोलर टाकीतली कॉइल चालू केली की ती अख्खी २०० लिटर तापवायला बसते, २० अंशांनी तापवायचं म्हटलं तरी साडेचार युनिटच्या वर गेलं, आणि तुम्हाला पाहिजे असतात तीन बादल्या. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर गारठा फार नसतो, कितीतरी लोक थंड पाण्यानेच अंघोळ करतात. त्यात खाऱ्या हवेने लोखंडी स्टँड लवकर गंजतो. त्यामुळे तुम्ही दोघांनी छोटा १० किंवा १५ लिटरचा गिझर घ्या, अर्धा तास आधी लावा, बंद करा. ज्यांच्याकडे होम-स्टे आहे, पाहुण्यांना वर्षभर गरम पाणी द्यावं लागतं, त्यांचं गणित वेगळं, त्यांनी हीट पंपाचा विचार करावा. त्याबद्दल खाली लिहिलंय.

प्रश्न: ताई, नाशिकला फ्लॅटमध्ये बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. वीज महाग म्हणून लावला. सासरे म्हणतात काढून टाक, बातम्या येतात. मी म्हणते खिडकी आहे छोटी, काही होत नाही. कोणाचं बरोबर?

सासऱ्यांचं. आजच बंद करा, मग बाकीचं वाचा.

गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. छोट्या बाथरूममध्ये तो पटकन कमी होतो आणि मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, गरगरतं, पायातलं त्राण जातं, आणि माणूस दार उघडायच्या आधी कोसळतो. दरवर्षी थंडीत आपल्याकडे अशा मृत्यूंच्या बातम्या येतात, त्यात तरुण, धडधाकट माणसं असतात. छोटी खिडकी पुरत नाही कारण थंडीत ती आपण लावूनच घेतो. एक्झॉस्ट फॅनवरही विसंबू नका, दार-खिडकी बंद असताना तो फॅन हवा ओढतो तेव्हा गिझरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी उलटा खोलीत येऊ शकतो.

गॅस गिझरच ठेवायचा असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा ड्राय एरियात, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत. ज्योत निळी पाहिजे, पिवळी दिसली तर लगेच बंद करून सर्व्हिसिंग. आणि कोणी आत असताना हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका, गॅस बंद, दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि थेट हॉस्पिटल, तिथे गॅस गिझर होता हे सांगा.

पैशाचं म्हणाल तर तेही बघू. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये, थोडी उष्णता वाया जाते ती धरून, थंडीतल्या पावणेतीनशेच्या आसपास बादल्या तापतात. सिलेंडरचा आजचा भाव २७५ ने भागा, तो तुमचा बादलीचा खर्च. विजेचा अर्ध्या युनिटचा खर्च त्याच्याशेजारी लिहा. ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत राहतं त्यांना दोन्हीत फारसा फरक दिसणार नाही, वरच्या स्लॅबवाल्यांना गॅस स्वस्त पडतो हे खरं आहे, पण चार-पाच बादल्यांच्या घरात हा फरक दिवसाला थोड्या रुपयांचा आहे आणि त्यासाठी बंद बाथरूममध्ये आग पेटवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: सोलापूरला बोअरचं पाणी आहे. गिझरची कॉइल टिकतच नाही, सारखी जळते. सोलर घेतला तर सुटका होईल का?

सुटका नाही, पण त्रास कमी करता येईल. कठीण पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार कॉइलवर पांढरा थर करून बसतो, पाणी जितकं जास्त तापवाल तितका जास्त. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापून जळते. म्हणून सगळ्यात आधी फुकटातला उपाय, थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. बहुतेक घरात तो ७० च्या वर ठेवलेला असतो आणि मग थंड पाणी मिसळून अंघोळ करतात, त्याचा काय उपयोग? टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, ॲनोड म्हणतात, तो स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तुमच्या पाण्यात तो लवकर संपतो, दरवर्षी प्लंबरला उघडून बघायला सांगा आणि तेव्हाच टाकी धुऊन घ्या. बऱ्याच लोकांना हा दांडा आत आहे हेच माहीत नसतं.

सोलर घेणार असाल तर कठीण पाण्याला चपट्या तांब्याच्या कलेक्टरपेक्षा काचेच्या नळ्या बऱ्या, कारण नळीचं तोंड मोठं, ती काढून साफ करता येते. मात्र सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात टाकीतलं पाणी ८० च्या पुढे जातं, क्षार तर बसतोच आणि लहान मुलं, म्हातारी माणसं भाजायची भीती. उन्हाळ्यात निम्म्या नळ्यांवर कापड टाकून ठेवा आणि बाथरूममध्ये गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळ बसवा. बजेट असेल तर घरातल्या फक्त गरम पाण्याच्या लाइनला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र, लावा, सगळ्या घराला लावायची गरज नाही.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला आमचा बंगला आहे, एकत्र कुटुंब, नऊ माणसं. नुकतंच पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचं रूफटॉप सोलर घेतलं. आता गच्चीवरचा जुना सोलर वॉटर हीटर काढून ती जागा मोकळी करायची आणि हीट पंप घ्यायचा असं मुलाचं म्हणणं. पटत नाहीये.

काका, तुमचं आणि मुलाचं दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

वॉटर हीटर ऊन सरळ पाण्यात घेतो, आणि अंगावर पडलेल्या उन्हातला अर्ध्याच्या आसपास भाग उष्णता म्हणून पाण्यात उतरवतो. विजेचं पॅनल त्याच उन्हातला साधारण पाचवा हिस्सा वीज करतं. म्हणजे नुसतं पाणी तापवायचं असेल तर कमी जागेत वॉटर हीटर पुढे आहे. पण मे महिन्यात तुमचा वॉटर हीटर उकळतं पाणी करून बसतो आणि ते कोणाला नको असतं, ते ऊन फुकट जातं. विजेच्या पॅनलचं तसं नाही, जास्तीची वीज नेट मीटरने ग्रिडला जाते आणि पुढच्या बिलात वळती होते. ३ किलोवॅटमधून दिवसाला सरासरी १२ युनिट धरा. नवीन घर बांधणारा कोणी मला आज विचारेल तर मी सांगेन की गच्ची लहान असेल तर सगळी पॅनलला द्या, योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि पाणी त्या विजेवर तापवा. वॉटर हीटरचं केंद्राचं अनुदान बंद होऊन बरीच वर्षं झाली.

पण तुमचा चालू आहे. चालू असलेली चांगली वस्तू काढू नका. फक्त एक बघा, त्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना, थोडी सावली पडली तरी त्या लाइनमधली वीज बरीच खाली येते. पडत असेल तर हीटर उत्तरेच्या बाजूला सरकवा.

आता हीट पंप. ही चांगली गोष्ट आहे आणि आपल्याकडे अजून फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. फ्रीज कसा आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंखा फिरवायला, उष्णता हवेतून येते. म्हणून १ युनिट वीज घेऊन तो साधारण ३ युनिटएवढं पाणी तापवतो. आपली हवा गरम असल्यामुळे तो इथे छान चालतो, कडाक्याच्या थंडीच्या देशात त्याला जास्त कष्ट पडतात. कॉइलने जी अर्धं युनिटची बादली, ती इथे पाव युनिटपेक्षाही कमीत.

कोणाला परवडतो? किंमत साध्या गिझरच्या कित्येक पट. चार माणसं, पाच बादल्या, महिन्याला ७५ युनिट, त्यातली ५० वाचली, ती पण थंडीतच, उन्हाळ्यात त्याहून कमी. तेवढ्यासाठी मी कोणाला हीट पंप घ्या म्हणत नाही. नऊ माणसं, त्यात शॉवरवाले, घरात म्हातारी माणसं म्हणून दुपारीही गरम पाणी, तर रोजच्या १५-१६ बादल्या होतात, तिथे तो विचार करण्यासारखा आहे. वसतिगृह, छोटं हॉस्पिटल, लॉज, होम-स्टे यांना तर मी आग्रहाने सांगते. घ्यायचा ठरला तर काही गोष्टी आधीच बघा. तो उघड्या हवेत पाहिजे, बंद माळ्यावर ठेवला तर स्वतःच सोडलेली थंड हवा परत ओढत बसतो आणि वीज जास्त खातो. फ्रीजपेक्षा जास्त आवाज येतो, बेडरूमच्या भिंतीला लावू नका. पाणी हळूहळू तापतं, दोन-चार तास लागतात, म्हणून टाकी मोठी लागते. मोठ्या टाकीतलं पाणी कायम कोमट ठेवू नका, २० ते ४५ अंशांत लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, अधूनमधून ६० पर्यंत तापवायची सोय असलेलं मॉडेल घ्या. आणि गावात त्याची सर्व्हिस देणारा माणूस आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा, कंपनीच्या ब्रोशरपेक्षा हे महत्त्वाचं.

तुम्ही हीट पंप घेतलाच तर टायमर दुपारी ११ ते ३ लावा, तुमचेच पॅनल त्याला वीज देतील. ज्यांच्याकडे पॅनल नाहीत पण नवीन टीओडी मीटर, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा, लागलाय त्यांनाही सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत आहे, त्यामुळे दुपारी तापवून साठवणं त्यांनाही फायद्याचं, अर्थात टाकीचं इन्सुलेशन चांगलं असेल तरच.

प्रश्न: ताई, आम्ही वाळवा तालुक्यात राहतो. अंगणात तांब्याचा बंब आहे, पाणी त्याच्यावरच तापतं. सरपण शेतातलंच, पण धुराने सासूबाईंना खोकला लागलाय. त्या बंब सोडायला तयार नाहीत. काय करू?

सासूबाईंना बंब का आवडतो ते मला समजतं, पाणी कढत मिळतं, वीज गेली तरी मिळतं, आणि पैसा लागत नाही. त्यामुळे त्यांच्यापुढे असं काही ठेवा जे वीज गेल्यावरही चालेल. तुमच्या भागात ऊन भरपूर, गच्ची किंवा स्लॅब असेल तर १०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर. त्याला पंप लागत नाही, तापलेलं पाणी हलकं होऊन आपणहून वर टाकीत चढतं, त्यामुळे भारनियमनाचा काही संबंध नाही. एकच अट, थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर पाहिजे, गच्चीपासून साधारण सात फूट, नाहीतर पाणी चढत नाही आणि मग लोक म्हणतात सोलर खराब निघाला. नळ्यांचं तोंड दक्षिणेला. उसाचा पाला जाळतात तेव्हा काजळी येऊन नळ्यांवर बसते, त्या दिवसांत आठवड्याला एकदा पाणी मारा.

घरी दोन-चार जनावरं आहेत का ते लिहिलं नाहीत. असतील तर गोबरगॅसचाही विचार करा, १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे अर्ध्या किलोच्या थोडं आतच एलपीजी, स्वयंपाक भागून उरला तर एक-दोन घागरी पाणीही तापेल. गोबरगॅसची शेगडी मात्र मोकळ्या जागेत.

बंब मोडीत काढू नका. पावसाळ्यात आणि सणावारी, घर भरलेलं असताना तो लागेल. फक्त तेव्हा सरपण वाळलेलं वापरा, ओल्या लाकडाने दुप्पट धूर होतो, आणि बंबाची नळी साफ ठेवा, नळी काजळीने भरली की धूर अंगणात परत येतो. सासूबाईंचा खोकला मात्र सोलर यायची वाट बघत ठेवू नका, डॉक्टरांना आत्ताच दाखवा, आणि तोपर्यंत बंब पेटवायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घ्या.

प्रश्न: पुण्यात रूमवर राहतो, गिझर नाही. इमर्शन रॉड चालेल का? खूप वीज खाते का?

वीज जास्त खात नाही, बादलीला तेच अर्धं युनिट. भीती शॉकची आहे. आयएसआय मार्कचीच घे, स्वस्तातली रस्त्यावरची नको. १६ ॲम्पियरचा, अर्थिंग असलेला सॉकेट पाहिजे, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नकोस. आधी रॉड पाण्यात, खुणेपर्यंत बुडलेली, मग बटण. पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं असेल तर आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग बोट. लोखंडी बादली अजिबात नको, आणि रॉड लावून दूध आणायला खाली जायचं नाही. घरमालकांशी बोलून बोर्डावर आरसीसीबी बसवून घेता आला तर बघ, शॉक लागताक्षणी तो वीज तोडतो आणि रूमवरच्या तुम्हा सगळ्यांनाच त्याचा उपयोग होईल.